केल्विन यांची शाईची नळी आणि तुमचा फोटो प्रिंटर

अकरावीच्या फिजिक्समध्ये तापमानापुढे आपण जो ‘के’ लिहितो, तो लॉर्ड केल्विन यांच्या नावाचा. सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे, एवढीच बहुतेकांची त्यांच्याशी ओळख. पण फोटो प्रिंट करायला घरी इंकजेट घ्यायचा विचार असेल, तर या माणसाशी तुमचा आणखी एक संबंध आहे. पेन कागदाला न टेकवता विजेच्या जोरावर शाई कागदावर उडवायची, हे काम करणारं यंत्र त्यांनी १८६७ मध्येच बनवलं होतं.

मूळ नाव विल्यम थॉमसन. जन्म १८२४ चा, बेलफास्टमधला. विल्यम सहा वर्षांचा असतानाच आई गेली. वडील गणिताचे शिक्षक होते, पुढे ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्याच विद्यापीठात विल्यमने दहाव्या वर्षी नाव घातलं. त्या काळी तिथे मुलांना लवकर घेत, हे खरं. पण दहा म्हणजे दहाच! मग केंब्रिज, मग काही महिने पॅरिसची प्रयोगशाळा, आणि बाविसाव्या वर्षी ग्लासगोलाच प्राध्यापकाची खुर्ची. ती त्यांनी ५३ वर्षं सांभाळली. १८४८ मध्ये निरपेक्ष तापमानाची मोजपट्टी मांडली. इथवरचं पाठ्यपुस्तकात सापडतं. मला आवडतो तो पुढचा भाग, समुद्राखालच्या केबलचा.

१८५० च्या दशकात आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी तार अटलांटिकच्या तळाशी टाकायची ठरली. थॉमसन यांनी आधीच गणित करून ठेवलं होतं: केबलची लांबी दुप्पट झाली की सिग्नलला लागणारा उशीर चौपट होतो. कोडिंग करणाऱ्यांना हा वर्ग बघूनच घाम फुटेल. कंपनीचे मुख्य इलेक्ट्रिशियन व्हाइटहाउस, मूळचे सर्जन, यांना हे मान्य नव्हतं. १८५८ मध्ये केबल जोडली गेली. राणी व्हिक्टोरियाचा जेमतेम शंभर शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सुमारे १६ तास लागले. सिग्नल क्षीण येतोय म्हणून व्हाइटहाउस यांनी जवळपास २००० व्होल्टचा दाब दिला. केबल आधीच नाजूक होती. काही आठवड्यांत ती कायमची गप्प झाली.

थॉमसन यांचा रस्ता उलटा होता. ओरडायचं कशाला, कान तीक्ष्ण करू. त्यांनी एका इवल्याशा आरशामागे बारीक चुंबकं चिकटवली आणि तो वेटोळ्यात टांगला. केबलमधून अगदी किरकोळ करंट आला तरी आरसा हलायचा आणि त्यावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर डावी-उजवीकडे सरकायचा.

प्रिंटरच्या खोक्यावरचा ५७६० डीपीआयचा आकडा बघितला की मला व्हाइटहाउस यांचे व्होल्ट आठवतात. तो आकडा एवढंच सांगतो की थेंब किती बारीक अंतरावर ठेवता येतो. थेंब स्वतः केवढा आहे, ते त्यात येत नाही. चार बाय सहा इंचाच्या फोटोला ३०० पिक्सेल प्रति इंच धरले तर १२०० गुणिले १८०० पिक्सेल लागतात, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा नाहीत. तुमच्या फोनमध्ये याच्या कितीतरी पट आहेत. खरी कसोटी थेंबाची: फोटोसाठी तो दीड ते तीन पिकोलिटर असला तर उत्तम.

१८६५ मध्ये दुसऱ्या मोठ्या प्रयत्नात केबल समुद्रातच तुटली. १८६६ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने ती पार नेली आणि थॉमसन ‘सर’ झाले. (याच जहाजाने १८७० मध्ये मुंबई ते एडन केबल टाकली.) पण एक कटकट उरली होती. प्रकाशाचा ठिपका नाचताना एकाने टक लावून बघायचं आणि दुसऱ्याने लिहून घ्यायचं. लॉग फाइल नाही, काहीच नाही. चूक झाली तर पुरावा कुठून आणणार?

सिग्नल कागदावर उमटवायचा तर पेन हवं, आणि पेन कागदाला घासतं. केबलमधून येणारा करंट एवढा दुबळा की त्या घर्षणानेच तो हरायचा. थॉमसन यांनी मग पेनच कागदापासून उचललं. केसासारखी बारीक काचेची नळी, एक टोक शाईत, दुसरं सरकत्या कागदी पट्टीपासून किंचित वर. सिग्नल आला की हलकं वेटोळं नळीला डावी-उजवीकडे ओढायचं. शाईला स्थिर विद्युतभार दिलेला असायचा, त्यामुळे ती कागदाकडे ओढली जाऊन बारीक ठिपक्यांनी उडायची. याला सायफन रेकॉर्डर म्हणतात. त्याच वर्षी त्यांनी पडणाऱ्या पाण्याच्या थेंबांवर विद्युतभार चढवणारं एक साधनही दाखवलं. यूट्यूबवर शोधा, घरी करण्यासारखा प्रयोग आहे.

पुढचं आयुष्य धावतं सांगतो. बर्फावर पडून पाय मोडला होता, त्यामुळे ते आयुष्यभर लंगडत चालले. वर्षानुवर्षं आजारी असलेली पत्नी मार्गारेट १८७० मध्ये गेली. त्याच वर्षी त्यांनी ‘लल्ला रुख’ नावाची नौका घेतली आणि समुद्रातल्या अनुभवातून होकायंत्र सुधारलं. पेटंटांवर पैसा भरपूर मिळवला. पृथ्वीच्या वयाचा त्यांचा अंदाज मात्र साफ चुकला. १८९२ मध्ये लॉर्ड झाले, तेव्हा विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचं नाव घेतलं. १९०७ मध्ये गेले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटन यांच्याजवळ त्यांना पुरलं.

त्यांच्यामागून शाई उडवण्याची कल्पना आधी दवाखान्यात पोचली. १९५१ मध्ये स्वीडनच्या रूने एल्मक्विस्ट यांनी शाईच्या बारीक धारेने आलेख काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. (शरीरात बसवलेला पहिला पेसमेकरही यांचाच.) घरगुती इंकजेट त्यानंतर आले, दोन प्रकारांत. एकात शाई क्षणभर तापवून बुडबुड्याने थेंब ढकलतात, दुसऱ्यात विजेने वाकणारा पिझो स्फटिक तो दाबून काढतो. फोटो दोन्ही छान देतात. यावरून भांडत बसू नका.

दुकानात विचारायचं ते वेगळं. रंग किती? चार रंगांत चेहऱ्यावरच्या फिक्या छटा ठिपक्याठिपक्यांच्या दिसू शकतात. फिका सायन आणि फिका मजेंटा धरून सहा असतील तर त्वचा गुळगुळीत येते. काळी शाई कोणती? बऱ्याच चाररंगी टँक प्रिंटरमध्ये ती पिगमेंट असते. डॉक्युमेंटला झकास, पण ग्लॉसी कागदावर ती नीट धरत नाही, म्हणून प्रिंटर बाकीचे तीन रंग मिसळून काळा बनवतो आणि तो करडा, मवाळ दिसतो. फोटोच करायचे असतील तर काळीही डाय शाई असलेला घ्या. डायचे रंग ग्लॉसीवर खुलतात, पण ऊन आणि हवेने लवकर विटतात. फ्रेमला काच लावा. वर्षानुवर्षं भिंतीवर टिकवायचं असेल तर सगळे रंग पिगमेंट असलेला प्रिंटर हवा, आणि तो महाग पडतो.

आणि महिन्यातून एकदाच प्रिंट काढत असाल तर स्टुडिओतच जा. नोझल सुकतात, मग हेड क्लीनिंगमध्ये शाई वाया जाते. घ्यायचाच असेल तर आठवड्याला एक रंगीत पान काढायची सवय लावा, आणि दुकानदाराकडून पैसे देण्याआधी नोझल चेकचं पान मागून घ्या. त्यावर एकही रेघ तुटलेली असता कामा नये.