झाडाच्या पाण्याचा हिशेब

मुलांनो, कुंडीतल्या रोपाला आपण मुळाशी पाणी घालतो. पण टवटवीत होतात ती शेंड्याची पाने! हे पाणी वर कसे चढते? पुढे त्याचे काय होते? या प्रश्नांची उत्तरे तराजू हाती घेऊन शोधणाऱ्या एका माणसाची ही ओळख आहे.

स्टीफन हेल्स यांचा जन्म १६७७ साली इंग्लंडमधील केंट परगण्यात झाला. केंब्रिज येथे शिक्षण घेतल्यावर १७०९ मध्ये ते लंडनजवळच्या टेडिंग्टन गावी पाद्री म्हणून आले. गावाची कामे सांभाळून ते प्रयोग करीत.

शरीरात रक्त फिरते, हे विल्यम हार्वे यांनी आधीच दाखवले होते. झाडातील रसही तसाच फिरत असावा, असे अनेक विद्वानांना वाटे. हेल्स यांनी नुसता वाद घातला नाही. त्यांनी मोजमाप केले. १७२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये त्यांनी कुंडीतले साडेतीन फूट उंच सूर्यफुलाचे झाड निवडले. कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने झाकले. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ तिचे वजन केले. कुंडीतून उडणारे पाणीही वेगळे मोजून वजा केले. हिशेब काय निघाला? ते झाड रोज सरासरी सव्वा पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडे जास्त पाणी हवेत सोडत होते! पाने काढलेल्या फांद्या तर फारच थोडे पाणी ओढत. म्हणजे पानेच पाणी वर ओढत होती. रस रक्तासारखा गोल फिरत नाही, असे हेल्स यांचे मत झाले.

एकदा वसंत ऋतूत छाटलेल्या द्राक्षवेलीतून रस गळू लागला. वेल मरेल या भीतीने त्यांनी कापलेल्या जागी पातळ कातडे घट्ट बांधले. थोड्या वेळाने ते फुग्यासारखे फुगले! दुसरा कोणी गाठ आवळून मोकळा झाला असता. हेल्स यांनी मात्र तेथे काचेच्या नळ्या जोडल्या. रस वीस फुटांहूनही वर चढला. मुळेही पाणी जोराने वर ढकलतात, हे त्यावरून कळले. १७२७ साली त्यांनी हे प्रयोग पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

आज आपल्याला अधिक माहिती आहे. मुळांनी शोषलेले पाणी व क्षार जलवाहिन्यांतून वर जातात. पानांतून पाणी उडाले, की खालचे पाणी वर खेचले जाते. पानांत तयार झालेले अन्न रसवाहिन्यांतून सर्व भागांना मिळते.

हेल्स यांनी आपले ज्ञान लोकांच्या कामी आणले. जहाजांत व तुरुंगांत ताजी हवा खेळवणारी यंत्रे त्यांनी बनवली. १७५४ मध्ये गावाला चांगले पाणी मिळावे म्हणूनही ते झटले. १७६१ साली टेडिंग्टन येथेच त्यांचे निधन झाले.

मुलांनो, एखाद्या पानेदार फांदीवर प्लॅस्टिकची कोरडी पिशवी बांधा आणि तोंड घट्ट आवळा. फांदी उन्हात असू द्या. काही तासांनी पिशवीत आतून पाण्याचे थेंब दिसतील. हेल्स यांनी तोलले, ते हेच पाणी!