राजा गौतमीपुत्र सातकर्णी



आपल्या परभणी जिल्ह्यातून वाहणारी गोदामाई बौद्ध साहित्याला फार जुनी ओळखीची आहे. सुत्तनिपातात बावरी नावाच्या ब्राह्मण गुरूची कथा येते. तो याच नदीकाठी, अश्मक आणि मुलक या जनपदांच्या मुलखात राहत होता. त्याने आपले १६ शिष्य भगवान बुद्धांच्या भेटीला पाठवले, ते पैठणवरून पुढे गेले. पैठणकडचा तो मुलक आणि नांदेड-बोधनकडचा तो अश्मक, असे अभ्यासक मानतात. म्हणजे आपला भाग या दोहोंच्या अधेमधे येतो. पुढे हे मुलूख एका छत्राखाली ठेवून राज्य करणारा राजा म्हणजे सातवाहन कुळातला गौतमीपुत्र सातकर्णी. आपल्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या नावाने तो ओळखला जातो.

इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला हा काळ. पैठण, तेर, भोकरदन, जुन्नर, नाशिकजवळचे गोवर्धन ही व्यापारी शहरं भरभराटीला आली होती. पैठण आणि तेरचा माल बैलगाड्यांनी थेट भडोच बंदरावर जायचा. या व्यापारावर हात ठेवण्यासाठी सातवाहन आणि क्षहरात कुळातले शक क्षत्रप यांच्यात झुंज लागली होती. कल्याण बंदरात आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. क्षत्रप नहपानाने तर नाशिक, जुन्नर आणि कार्ल्याचा मावळ सातवाहनांकडून हिसकावून घेतला.

नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर भिक्खूंसाठी लेणं कोरलं. त्याने संघासाठी ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. त्यातल्या २००० वर महिना शेकडा एक व्याज होते. त्या व्याजातून पावसाळ्यात राहणाऱ्या २० भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळत. आजच्या बँकेसारखाच हा व्यवहार, आणि तो सांभाळणारे कोण, तर कष्टकरी विणकर.

गौतमीपुत्राने नहपानाचा पाडाव केला आणि गेलेला मुलूख परत मिळवला. अश्मक, मुलक, विदर्भ, अपरान्त म्हणजे कोकण, सौराष्ट्र, अवंती असे कितीतरी प्रदेश त्याच्या सत्तेखाली आले. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्याल्याचं वर्णन शिलालेखात आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. सगळी नहपानाची, पण त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. जुनं नाणं वितळवायचं नाही, त्यावरच आपली खूण उमटवायची. बाजार बंद पडला नाही आणि राज्य बदललं हे घरोघरी कळलं.

राज्याच्या १८ व्या वर्षी त्याने लष्कराच्या छावणीतूनच गोवर्धनच्या अमात्याला हुकूम धाडला. उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तन शेत त्रिरश्मीच्या भिक्खूंना दिलं. पण ते शेत पडीक राहिलं, गावही ओस होतं. दान कागदोपत्री झालं, भिक्खूंच्या पदरात काही पडलं नाही. ही गोष्ट राजापर्यंत गेली. तेव्हा २४ व्या वर्षी राजा आणि राजमाता दोघांच्या नावाने दुसरा हुकूम निघाला आणि शहराच्या शिवेवरची १०० निवर्तन सरकारी जमीन बदली देण्यात आली. दिलेलं दान पोचलं की नाही, हे पाहणारा राजा म्हणून त्याची आठवण ठेवली पाहिजे.

पण बंधूंनो, एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्याच्या मागे नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षी बलश्रीने त्याच डोंगरावर भिक्खूसंघाला लेणं दान केलं. तिथल्या लेखात तिने मुलाचा गौरव केला आहे. तो प्रजेच्या सुखदुःखात सहभागी होता, कर न्यायाने घेत होता, असं तिथे आहे. त्याच लेखात त्याने चार वर्णांची सरमिसळ थांबवली, हेही मोठेपणा म्हणून कोरलं आहे. म्हणजे जनपदं एक झाली, माणसं मात्र वर्णावर्णांत वेगळीच राहिली. पुढे रुद्रदामन क्षत्रपाने उत्तरेकडचे बरेच प्रदेश परत जिंकून घेतले. तलवारीने केलेली एकी एवढीच टिकते. वर्णभेद न मानणारी एकी भगवंतांच्या संघात होती, आणि १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी तीच वाट आपल्याला दाखवली.

सुट्टीत मुलाबाळांना घेऊन नाशिकची त्रिरश्मी लेणी जरूर बघा. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. ती कुणी आणि कुणासाठी कोरली, हे मुलांना लेण्यासमोर उभं करून सांगा.

नमो बुद्धाय! जय भीम!