एकाकी वाटसरू : फ्रायर जोर्दान कातालानी

आपल्या धर्मग्रामाच्या या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आम्हांस एका प्राचीन वाटसरूचें स्मरण करावेंसें वाटतें. या किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्म पोर्तुगेज गलबतांबरोबरच आला, असा समज आपल्यांतही रूढ आहे. परंतु वास्को द गामाच्या आगमनापूर्वीं पावणेदोनशें वर्षें एका संन्याशानें येथें सुवार्तेचें बीं पेरिलें होतें. ते फ्रायर जोर्दान कातालानी होत.

जोर्दान हे दक्षिण फ्रान्समधील सेवेराक गांवचे, संत डोमिनिकच्या उपदेशक संघाचे. संत फ्रान्सिसच्या संघांतील चार बंधूंसह ते मलबाराकडे निघाले असतां 1321 सालीं त्यांचें जहाज ठाण्यास लागलें. तेथें नेस्तोरी पंथाच्या ख्रिस्ती लोकांचीं पंधरा घरें होतीं. त्यांनीं पाहुण्यांस आसरा दिला. जोर्दान यांस फारसी भाषा अवगत असल्यामुळें भडोचकडील ख्रिस्ती जनांची विचारपूस करण्याची कामगिरी त्यांजकडे आली, व ते सोपाऱ्याच्या वाटेस लागले.

इकडे ठाण्यांत चौघां बंधूंस आपल्या श्रद्धेचा जाब द्यावा लागला. ते डगमगले नाहींत. 9 एप्रिल रोजीं तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स व तिफ्लिसचे देमेत्रियुस, आणि 11 एप्रिल रोजीं सिएनाचे पेत्र यांनीं प्राणार्पण केलें. जोर्दान यांनीं त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले.

आतां ते एकटे उरले. स्वदेशीं परतण्यास कोणी त्यांस दोष दिला नसता. पण ते येथेंच राहिले. ठाण्याहून भडोच ही दहा दिवसांची वाट. मध्यें केळवें-माहीम, तारापूर, आपली चिंचणी, डहाणू, संजाण. खाडीमागून खाडी आणि ताडामाडांचीं बनें. खुष्कीनें जा किंवा गलबतानें, ही आपली पट्टी ओलांडल्यावांचून भडोच गांठतां येत नसे. भडोचेस सुमारें 90, पुढें आणखी वीसांहून अधिक, व ठाणें आणि सोपारें यांच्या दरम्यान 35 जणांस त्यांनीं बाप्तिस्मा दिल्याचें त्यांच्या पत्रावरून कळतें.

दुसऱ्या पत्रांत आजारपण, कैद, निंदा व एकाकीपणा यांची व्यथा आहे. तथापि आणखी बंधू धाडावे, असें त्यांचें मागणें आहे. स्वतःच्या सुटकेची याचना नाहीं.

त्यांनीं या देशाकडे वैऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें नाहीं, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. जेथें सोबती मारले गेले, त्याच देशांतील लोकांस त्यांनीं आपल्या ग्रंथांत स्वच्छ, सत्यवचनी व न्यायी म्हटलें आहे. आंबा, फणस, नारळ व ताडी यांचें वर्णन त्यांत आहे. मृतांस बिनछपराच्या बुरुजांत ठेवण्याच्या पारशी रीतीचाही उल्लेख आहे.

1329 सालीं पोप बावीसावे जॉन यांनीं त्यांस कोल्लमचे बिशप नेमिलें. हिंदुस्थानांतील तो पहिला लॅटिन धर्मप्रांत होय.

वाचकहो, आज आपणांस देऊळ आहे, शेजार आहे, संस्कार देणारे धर्मगुरु आहेत. जोर्दान यांस यांपैकीं कांहीं नव्हतें. तरी त्यांनीं वाट सोडली नाहीं व लोकांविषयींचें प्रेमही सोडलें नाहीं. त्यांची ती चिकाटी व ती निर्वैर वृत्ति प्रभु आपल्या ठायीं उत्पन्न करो, हीच आमची या ज्युबिलीची प्रार्थना.