अल्झायमर: आजाराच्या नावामागचा माणूस

मोबाईलवर स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया सर्च केलं की पहिल्या दोन-चार रिझल्टमध्ये अल्झायमर हा शब्द येतोच. पण ते आधी एका डॉक्टरचं आडनाव होतं. मी स्वतः डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. तरी या माणसाची नोंदी ठेवायची पद्धत बघून आम्हा कोड लिहिणाऱ्यांनी शिकावं असं वाटतं, म्हणून हा लेख.

अलोइस अल्झायमर यांचा जन्म १८६४ चा, जर्मनीतल्या मार्क्टब्राइट गावचा. १८८७ मध्ये डॉक्टर झाले. प्रबंधाचा विषय काय, तर कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथी! पुढच्याच वर्षी फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात लागले. तिथे फ्रान्झ निस्सल हा मित्र भेटला. मेंदूच्या पेशींना रंग देऊन त्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसाव्यात अशी पद्धत त्याने काढली होती. दिवसा पेशंट, रात्री सूक्ष्मदर्शक, असं दोघांचं चालायचं.

१९०१ च्या सुरुवातीला अल्झायमरांची बायको वारली, तीन लहान मुलं मागे राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दवाखान्यात आली. अल्झायमर रोज तिच्यासमोर बसून प्रश्न विचारायचे आणि उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यायचे. पेन्सिल, किल्ली, सिगार दाखवली तर ती बरोबर ओळखायची, थोड्या वेळाने काय दाखवलं ते विसरलेली असायची. नवऱ्याचं नाव विचारलं तर स्वतःचंच सांगायची. ताटात फ्लॉवर आणि मांस, पण खातेय काय विचारलं तर पालक. नाव लिहायला सांगितलं तर पहिला शब्द लिहून पुढचं विसरायची.

आणि घरच्यांना सगळ्यात आधी दिसलेलं लक्षण कोणतं? विसरणं नाही, नवऱ्यावरचा संशय.

इथे मी थांबलो होतो. आमच्या बोरगाव मेघेत अशा वागण्याला म्हातारचळ म्हणून सोडून देतात. माझी आजी एकच गोष्ट दिवसातून दहादा विचारायची, ते चालून गेलं. पण माझ्या आईने पैसे लपवले असं ती शेजारीपाजारी सांगायला लागली, तेव्हा घरात रडारड झाली. ऑगस्टेची गोष्ट आईला सांगितली, तर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, पुन्हा सांग.

१९०६ च्या एप्रिलमध्ये ऑगस्टे गेली. अल्झायमर तोवर म्युनिकला होते. त्यांनी तिचा मेंदू आणि फाईल मागवून घेतली. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या चकत्यांमध्ये त्यांना पेशींच्या आत धाग्यांच्या गुंतवळी दिसल्या, बाहेर कसले तरी साचलेले ठिपके. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. सभागृहातून एकही प्रश्न आला नाही! १९१० मध्ये त्यांचे वरिष्ठ क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला त्यांचं नाव दिलं.

त्यांनी आणखी एक नोंद केली होती, तिच्याकडे फार कुणी बघत नाही. ऑगस्टेच्या मेंदूतल्या मोठ्या रक्तवाहिन्या कडक झाल्या होत्या. आज २०२४ च्या लॅन्सेट आयोगाच्या यादीत टाळता येण्याजोगे १४ धोके आहेत: बीपी, शुगर, वाईट कोलेस्टेरॉल, सिगारेट, दारू, लठ्ठपणा, व्यायाम नसणं, डोक्याला मार, प्रदूषण, नैराश्य, एकटेपणा, कमी शिक्षण, ऐकू कमी येणं, दिसायला कमी होणं. हे सगळे आवरले तर जवळपास ४५ टक्के केसेस टळू शकतात किंवा लांबू शकतात, असा त्यांचा अंदाज आहे. भारतात साठीपुढच्या साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. मित्रांनो, हेल्मेट आणि आबाजींचं कानाचं मशीन या यादीत बसतं, हे मला आधी माहीतच नव्हतं.

आजीचं काय बदललं ते मी आता फोनच्या नोट्समध्ये तारखेसकट लिहितो. डॉक्टरांनी पहिल्यांदा तेच मागितलं होतं, कधीपासून आणि काय काय.

१९१२ मध्ये अल्झायमर ब्रेस्लाऊला प्राध्यापक म्हणून निघाले आणि प्रवासातच आजारी पडले. तब्येत पुन्हा सावरली नाही. डिसेंबर १९१५ मध्ये ते गेले, वय ५१. ऑगस्टेची फाईल पुढे हरवली होती. १९९५ मध्ये ती फ्रँकफर्टच्या दवाखान्याच्या दप्तरात सापडली, त्यांच्या हस्ताक्षरातल्या प्रश्नोत्तरांसकट.