तळे खणणारा योगी : शिवयोगी सिद्धराम



दरमहा या पानावर आपण एखादे वचन घेतो, त्यातील शब्द उकलतो आणि त्याचा अर्थ आपल्या नित्याच्या आचरणाशी ताडून पाहतो. या खेपेस वचन बाजूला ठेवून एका वचनकाराच्या चरित्राकडे वळावयाचे आहे. त्याला निमित्त झाले ते एका सद्भक्ताच्या प्रश्नाचे.

पांढुर्णा आणि सौंसर हा सातपुड्याच्या पायथ्याकडचा मुलूख. राज्य मध्यप्रदेशाचे, पण घरातली बोली मराठी, सण मराठी आणि पीक संत्र्याचे व कापसाचे. पूर्वी हे दोन्ही तालुके छिंदवाडा जिल्ह्यात होते. 2023 साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. तिकडील भक्तमंडळींच्या भेटीत एक बागाईतदार गृहस्थ सर्वजण उठून गेल्यावरही बसून राहिले. त्यांचे म्हणणे असे की, पहाटे स्नान करून, भस्म लावून इष्टलिंग तळहातावर घेतले म्हणजे चित्त दिव्यासारखे स्थिर होते. पण वावरात पाऊल टाकावे तो वीज गेलेली, विहिरीचे पाणी तळाला टेकलेले, संत्र्याचा सौदा ठरवून गेलेला व्यापारी फिरकलेला नाही. पहाटेची शांती सकाळचे दहा वाजेपर्यंतही पुरत नाही. मग घरदार मुलांवर सोपवून मठात येऊन राहावे, की पूजा आपल्याला साधत नाही असे समजून मुकाट्याने शेती करावी?

एवढे विचारून ते थांबले. मग आवाज खाली घेऊन त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते, हे आपण जाणता. नदीत पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड पडतात. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, कित्येकांनी जीवही गमावले आहेत. गृहस्थ म्हणाले की, एका वर्षी आपल्याही हातात दगड होता, आणि त्याच वेळी गळ्यात लिंग होते. तो दगड कोणाला लागला हे त्यांनी पाहिले नाही. त्या दिवसापासून पूजेला बसले की तो हात आठवतो.

वाचकहो, आम्ही त्यांना तत्काळ उत्तर दिले नाही. उत्तर म्हणून ज्यांचे चरित्र त्यांना नंतर सांगितले, तेच आज आपणापुढे ठेवीत आहोत. ते चरित्र सोन्नलगीच्या, म्हणजे आजच्या सोलापूरच्या, शिवयोगी सिद्धरामांचे.

सिद्धराम बाराव्या शतकातले. पित्याचे नाव मुद्दण्णा, मातेचे सुग्गव्वा. घर शेतकऱ्याचे. बालपणी हा मुलगा फारसा बोलत नसे, कशात लक्ष घालीत नसे. लोकांना तो मंदबुद्धीचा वाटला आणि त्याला गुरे राखावयास लावले. महाकवी राघवांकाने कन्नड भाषेत त्यांचे चरित्र रचले आहे. परंपरा सांगते की, ज्वारीचे पीक हुरड्याला आले असता रानात एक जंगम आला. आपण श्रीशैलाचा मल्लय्या, असे त्याने सांगितले आणि हुरडा मागितला. मुलाने तो प्रेमाने भाजून दिला. मग जंगमाने दहीभात मागितला. मुलगा धावत घरी गेला, आईकडून दहीभात घेऊन परतला, तो जंगम तेथे नव्हता.

त्या क्षणापासून मुलाला दुसरे काही सुचेना. मल्लय्याला हाका मारीत तो रानोमाळ फिरू लागला. वाटेत श्रीशैलाला निघालेले यात्रेकरू भेटले, त्यांच्यासोबत तो थेट श्रीशैलावर पोहोचला. तेथे त्याला मंदिरातले लिंग दाखविण्यात आले. पण ज्याने हुरडा खाल्ला तो मल्लय्या त्याला हवा होता. शोधून शोधून थकल्यावर तो एका खोल कड्याच्या टोकाशी गेला आणि देह टाकून देण्यास सिद्ध झाला. तेव्हा मल्लिकार्जुनाने प्रकट होऊन त्याचा हात धरला, असे चरित्रकार सांगतात.

येथे थोडे थांबून पाहावे. देव भेटला. आता या मुलाला काय हवे? त्याला तेथेच, त्या चरणांशी राहावयाचे होते. परंतु मल्लिकार्जुनाची आज्ञा झाली ती घरी परत जाण्याची. सोन्नलगीला जा, तेथे माझी स्थापना कर, त्या भूमीचे क्षेत्र कर, असा तिचा आशय. ज्याला कड्यावरून वर ओढले त्याला देवाने डोंगरावर ठेवून घेतले नाही. ज्या वावरातून तो आला होता त्याच वावराकडे त्याला धाडले. आपल्या गृहस्थांच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे.

सिद्धराम परतले आणि कामाला लागले. राजपत्नी चामलादेवीने भूमी दिली, असे परंपरा सांगते. मल्लिकार्जुनाची स्थापना झाली, पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगे स्थापिली गेली, आणि मोठ्या तळ्याचे खोदकाम सुरू झाले. तो मुलूख कमी पावसाचा. तेथे पाणी साठविणे म्हणजे माणसांचे व गुरांचे प्राण राखणे. हजारो हात राबू लागले. सिद्धराम स्वतः योगी, समाधीत निष्णात. पण त्यांचा दिवस जात असे दगडमातीत. गोरगरिबांची लग्ने त्यांनी लावून दिली. एका कुंभारकन्येने त्यांनाच वरण्याचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह लावण्यास संमती दिली, अशी कथा आहे. सोलापुरात मकरसंक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वजांच्या साक्षीने जो अक्षता सोहळा होतो, तो त्याच विवाहाचे स्मरण होय.

इथवर ऐकल्यावर आपणास वाटेल की, हेच ते संतुलन! आत योग, बाहेर लोकसेवा; आणखी काय राहिले? वाचकहो, राहिले होते. आणि ते दाखविण्यास अल्लमप्रभू सोन्नलगीला आले.

पंधराव्या शतकात संकलित झालेल्या शून्यसंपादनेत ही भेट सविस्तर आली आहे. अल्लमप्रभू तळ्याच्या कामावर आले आणि त्यांनी राबणाऱ्या शिष्यांपाशी सिद्धरामांचा उल्लेख गुरू किंवा योगी असा न करता दगडमाती खणणारा वड्डर असा केला. शिष्य खवळले. ज्या हातांनी ते तळ्यासाठी दगड उचलीत होते त्याच हातांनी त्यांनी अल्लमप्रभूंवर दगडांचा वर्षाव केला. कथा सांगते की, एकही दगड प्रभूंना लागला नाही, त्यांच्याभोवती दगडांची रास तेवढी उभी राहिली. वार्ता सिद्धरामांपर्यंत गेली. ते आले ते क्रोधाने पेटून आले. त्यांच्या नेत्रातून अग्नी निघाला असे वर्णन आहे. तो अग्नी अल्लमप्रभूंपाशी येऊन शांत झाला.

ही कथा आम्ही सांगू लागलो तेव्हा समोर बसलेल्या गृहस्थांनी मान खाली घातली. जाम नदीचे पात्र त्यांच्या डोळ्यांपुढे आले असावे. पण आम्हाला जे दाखवावयाचे होते ते दगडाच्याही अलीकडचे होते.

शिष्यांना राग कशाचा आला, याचा विचार करा. वड्डर म्हटल्याचा! आता, ते करीत काय होते? दगड फोडीत होते, माती वाहत होते. जे करीत होते तेच नाव घेतले तर झोंबले का? कारण हात दगड उचलीत असले तरी मन आपण पुण्यकर्म करीत आहोत, मोठ्या योग्याचे शिष्य आहोत, या उंचीवर बसले होते. शरणांच्या मते कायक म्हणजे केवळ श्रम नव्हेत. ज्या श्रमात लहानमोठेपणाची गणती गळून पडते ते कायक. नुलिया चंदय्यांनी दोर वळले, आय्दक्की मारय्यांनी सांडलेले तांदूळ वेचले. त्यांना कोणी दोरवाला वा तांदूळवेच्या म्हटले असते तर त्यांनी मान डोलावली असती. सोन्नलगीच्या तळ्यावर श्रम होते, भक्ती होती, योगही होता. परंतु हे तिन्ही अजून एक झाले नव्हते. म्हणून एका शब्दाने घडी मोडली.

सिद्धरामांचे थोरपण यात की, त्यांनी हे ओळखले. क्रोध ओसरल्यावर त्यांनी स्वतःचे समर्थन मांडले नाही. अडुसष्ट लिंगे स्थापन केलेल्या या पुरुषाने आपल्या देहावरच्या एका लिंगाची वाट विचारली. अल्लमप्रभूंबरोबर ते कल्याणास गेले. तेथे बसवण्णांच्या अनुभवमंटपात त्यांचा प्रवेश झाला. इष्टलिंगाची आवश्यकता काय, अशी शंका प्रथम त्यांनी मोकळेपणाने मांडली, तिच्यावर चर्चा झाली, आणि मग वयाने लहान असलेल्या चन्नबसवण्णांकडून त्यांनी दीक्षा घेतली. स्वतःचा शिष्यपरिवार असलेल्या योग्याने तरुण गुरूपुढे हात पसरावा, ही गोष्ट तळे खणण्याहून सोपी नव्हती. पुढे शून्यसिंहासनाचा अधिकार त्यांच्याकडे आला, असे परंपरा मानते. कपिलसिद्धमल्लिकार्जुन या मुद्रेने त्यांनी रचलेली हजाराहून अधिक वचने आज उपलब्ध आहेत.

कल्याणातही संकट आले. इ.स. 1167 च्या सुमारास बिज्जळाच्या राजवटीत मोठा उत्पात झाला, शरण दाही दिशांना पांगले. अखेरीस सिद्धराम आले ते कुठे? आपल्या सोन्नलगीलाच. त्यांची समाधी तेथेच, तळ्याच्या मध्यभागी असलेल्या मंदिरात आहे. भुईकोट किल्ल्यालगतचे ते तळे आजही सोलापूरकर पाहतात. अल्लमप्रभूंनी त्यांना बाहेरच्या बांधकामाची मर्यादा दाखविली; पण ते तळे त्यामुळे कोणी बुजविले नाही, हे लक्षात घ्यावे. बदलले ते खणणाऱ्याचे अंतःकरण.

आता आपल्या गृहस्थांकडे वळू. ते संत्र्याचे बागाईतदार, म्हणून त्यांना आम्ही त्यांच्याच बागेतला दाखला दिला. आंबिया बहार धरावयाचा म्हणजे हिवाळ्यात बागेचे पाणी तोडतात. झाडाला ताण देतात. पाने मलूल होतात, नवख्याला वाटते झाड मेले. जाणता माळी योग्य वेळी ताण तोडतो, पाणी देतो, आणि बाग फुलावर येते. ताण दिल्यावाचून बहार नाही, आणि ताण जास्त झाला तर झाड राहत नाही. अल्लमप्रभूंचा तो बोचरा शब्द सिद्धरामांना मिळालेला ताण होता. विहीर आटणे, वीज जाणे, सौदा मोडणे हा आपल्याला मिळालेला ताण होय. त्या वेळी आत ओल किती आहे हे कळते. पहाटेची पूजा ही ती ओल धरून ठेवण्यासाठी आहे. दहा वाजता शांती मोडली म्हणजे पूजा खोटी ठरली असे नव्हे. मुळांपर्यंत पाणी अजून पोहोचावयाचे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा मठात येऊन राहण्याची गरज नाही, आणि पूजा सोडण्याचीही नाही. पूजा संपवून लिंग पुन्हा गळ्यात धारण करतो, त्या वेळी देवघरातून ताडकन उठू नये. आज जे पहिले काम हाती घ्यावयाचे आहे, मग ते विहिरीवरचे असो की गोठ्यातले, त्याचे नाव मनात घ्यावे आणि तेही लिंगाला अर्पण करून मग उठावे. दिवसभरात कोणी तुम्हाला तुमच्या कामाच्या नावाने कमी लेखले, तर ते नाव आनंदाने स्वीकारावे. माळी म्हटले तर माळी, वाणी म्हटले तर वाणी. ज्या दिवशी ते झोंबणार नाही त्या दिवशी तळे भरले असे समजावे.

आणि तो दगड? त्या गृहस्थांना आम्ही प्रायश्चित्त म्हणून उपवास वा अभिषेक सांगितला नाही. डाव्या तळहातावर लिंग असते आणि दगड उजव्या हाताने फेकला जातो, पण दोन्ही हात एकाच देहाचे आहेत. सोन्नलगीच्या ज्या हातांनी प्रभूंवर दगड टाकले, त्याच हातांना पुढेही तळ्याचे दगड उचलावयाचे होतेच. म्हणून पुढच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काठावर जावे, मात्र जखमींना उचलावयास जावे, पाण्याची घागर आणि स्वच्छ फडके घेऊन जावे, इतकेच त्यांना सांगितले. पलीकडच्या काठाचा माणूस हाती लागला तर त्याचीही जखम बांधावी. ते काही बोलले नाहीत. निघताना त्यांनी दोन्ही हात जोडले, आणि ते पुष्कळ वेळ तसेच राहिले.

वाचकहो, आपल्याही हाताने कधी ना कधी दगड उचललेला असतो. कोणाचा नदीत, कोणाचा घरात, कोणाचा जिभेवर. उद्या पहाटे इष्टलिंग हाती घ्याल तेव्हा सिद्धरामांचे स्मरण करा, आणि मग आपापल्या वावरात, दुकानात, चुलीपाशी जा. तेथेच मल्लय्या हुरडा मागावयास येतो.

शरणु शरणार्थी.