श्वासाची लय शोधणारे लॉर्ड एड्रियन

गाढ झोपेतही माणसाचा श्वास चालू असतो. ही लय राखतो कोण? मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभात श्वसनाचे केंद्र आहे, हे एकोणिसाव्या शतकातच ज्ञात झाले होते. मात्र, तेथील चेतापेशी ही लय स्वतः निर्माण करतात, की शरीराकडून येणाऱ्या संदेशांना केवळ प्रतिसाद देतात, हा प्रश्न अनुत्तरित होता. त्याच्या उत्तराची दिशा दाखवली ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड एड्रियन यांनी.

एडगर डग्लस एड्रियन यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८८९ रोजी लंडन येथे झाला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात कीथ ल्यूकस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मज्जातंतूंच्या अभ्यासास प्रारंभ केला. १९१६ मध्ये विमान अपघातात ल्यूकस यांचे निधन झाले. गुरूंच्या अप्रकाशित ग्रंथावर अखेरचा हात फिरवून एड्रियन यांनी तो १९१७ मध्ये प्रसिद्धीस आणला. पहिल्या महायुद्धात त्यांनी मज्जाविकारांनी ग्रासलेल्या सैनिकांवर उपचार केले आणि १९१९ मध्ये ते केंब्रिजला परतले.

मज्जातंतूतील विद्युत्संदेश अत्यंत क्षीण असतात. व्हॉल्व्हच्या साह्याने ते अनेक पटींनी वाढवून एड्रियन यांनी १९२६ मध्ये झॉटरमन यांच्यासह एकेका तंतूतील संदेशांची नोंद घेतली. उद्दीपन तीव्र झाले तरी प्रत्येक संदेशाचा आकार तोच राहतो. वाढते ती केवळ संदेशांची वारंवारता, हे त्यांनी सिद्ध केले.

१९३१ मध्ये डच शास्त्रज्ञ बॉयटेंडाइक यांच्या सहकार्याने त्यांनी गोल्डफिशचा मस्तिष्कस्तंभ शरीरापासून पूर्णतः वेगळा केला. कल्ल्यांकडून एकही संदेश येण्याची शक्यता उरली नव्हती. तरीही त्यात संथ विद्युत्लहरी उमटत राहिल्या, आणि त्यांची गती माशाच्या श्वसनगतीशी जुळणारी होती! लय बाहेरून येत नसून चेतापेशींतूनच उमटते, याचा हा सबळ पुरावा ठरला.

मज्जापेशींच्या कार्यावरील संशोधनासाठी एड्रियन यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक चार्ल्स शेरिंग्टन यांच्यासह प्रदान करण्यात आले. १९५० ते १९५५ या काळात त्यांनी रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद भूषविले. १९५५ मध्ये त्यांना लॉर्ड किताब मिळाला. ४ ऑगस्ट १९७७ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे १९९१ मध्ये उंदरांच्या मस्तिष्कस्तंभात श्वासाची लय निर्माण करणारा चेतापेशींचा छोटासा पुंजका आढळला. अफूवर्गीय औषधांच्या अतिमात्रेने श्वास का मंदावतो, याचे एक कारण संशोधकांना तेथेच गवसले. माशाच्या इवल्याशा मेंदूत एड्रियन यांनी टिपलेली लय अशी थेट माणसाच्या जीवनमरणाशी येऊन भिडली.