नाना अस्माऊ: घराघरात मदरसा पोहोचवणारी सोकोटोची शिक्षिका

आफ्रिकेतील मुस्लिमांचा विषय निघाला की आपल्या घरांमध्ये हजरत बिलाल (रजि.) यांची आठवण निघते. कुणी थोडंफार वाचलेलं असेल तर मालीचा बादशाह मनसा मूसा आणि त्याच्या सोन्याच्या गोष्टी सांगतो. पण पश्चिम आफ्रिकेच्या नायजेरिया देशात 200 वर्षांपूर्वी एक मुस्लिम महिला होऊन गेली, जिने बायका-मुलींच्या तालीमसाठी अख्खी एक यंत्रणा उभी केली. तिचं नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलेलं आहे. आम्ही शिक्षक लोक बीएडला युरोपातल्या शिक्षणतज्ज्ञांची नावं पाठ करतो. तिचं नाव मात्र कुठल्याच धड्यात येत नाही. म्हणून आज नाना अस्माऊ यांच्याविषयी.

आधी नावाचा खुलासा करायला हवा. आपल्याकडे नाना म्हणजे आईचे वडील, नाहीतर मराठी घरातले नानासाहेब. तिकडे मात्र नाना हा प्रतिष्ठित स्त्रीच्या नावाआधी लावला जाणारा आदराचा शब्द आहे. अस्माऊ म्हणजे आपलं अस्मा. त्या जुळ्या होत्या, भावाचं नाव हसन. तिथल्या रिवाजाप्रमाणे हसनच्या जोडीच्या मुलीचं नाव हुसैना असायला हवं होतं. पण वडिलांनी तो रिवाज बाजूला ठेवला आणि हजरत अबू बकर (रजि.) यांच्या कन्या हजरत अस्मा (रजि.) यांच्या नावावरून मुलीचं नाव ठेवलं. हिजरतच्या वेळी सौर गुहेत प्रेषित मुहम्मद (स.) आणि आपल्या वडिलांपर्यंत जेवण पोहोचवणाऱ्या त्या धाडसी अस्मा. पुढे या अस्माऊंच्या नशिबातही हिजरत होती.

इल्मचं घर

अस्माऊंचा जन्म 1793 साली देगेल या गावी झाला. हा भाग तेव्हा गोबीर नावाच्या हौसा राज्यात होता. वडील शेख उस्मान दान फोदियो हे नावाजलेले आलिम आणि कादरिया सिलसिल्याचे सूफी. लोक त्यांना आदराने शेहू म्हणत. बगदादच्या गौसे पाकांना मानणारी आपल्याकडची घरं या सिलसिल्याशी चांगलीच परिचित आहेत.

शेहूंचा एक आग्रह त्या काळात अनेकांना खटकत असे. आपल्या बायका आणि मुलींना अडाणी ठेवून बाहेरच्या लोकांना शिकवत बसणाऱ्या आलिमांवर त्यांनी कडक शब्दांत टीका केली. दीनचं जरुरी ज्ञान मिळवणं स्त्रीवर फर्ज आहे आणि घरात ते मिळत नसेल तर ती त्यासाठी बाहेर पडू शकते, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या दर्सला स्त्रियाही बसत.

घरातही तेच वातावरण. अस्माऊ कुरआन शिकल्या, अरबी शिकल्या, हदीस आणि फिकह शिकल्या. फुलानी लोकांची फुलफुल्दे ही त्यांची घरची भाषा, तर आजूबाजूची आम जनता हौसा बोलायची. वाळवंटातल्या तुआरेग लोकांची तमाशेक भाषाही त्यांना येत होती. चार भाषांचं हे भांडवल पुढे फार कामाला आलं.

हिजरत आणि लढाई

शेहूंच्या मागे लोक जमू लागले तसं गोबीरच्या राजांना भीती वाटू लागली. पगडी आणि ओढणी वापरण्यावर बंदी आली, नव्याने इस्लाम स्वीकारण्यावर बंदी आली. फेब्रुवारी 1804 मध्ये शेहू आपल्या माणसांना घेऊन देगेलहून गुदूला निघाले. अस्माऊ तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या होत्या. पुढची चार वर्षं लढाईची, उपासमारीची आणि भटकंतीची. 1804 च्या अखेरीस त्सुंत्सुवा येथे शेहूंच्या फौजेचा मोठा पराभव झाला. मारल्या गेलेल्या सुमारे 2,000 लोकांमध्ये 200 हाफिज होते, असं सांगितलं जातं.

याच धामधुमीत 1807 च्या सुमारास अस्माऊंचा निकाह गिदादो दान लैमा यांच्याशी झाला. गिदादो हे अस्माऊंचे सावत्र भाऊ मुहम्मद बेल्लो यांचे जिवलग मित्र. 1808 मध्ये गोबीरची राजधानी पडली, 1809 मध्ये बेल्लोंनी सोकोटो शहर वसवलं. 1817 मध्ये शेहूंचा इंतकाल झाला, बेल्लो खलिफा झाले आणि गिदादो त्यांचे वजीर. एकोणिसाव्या शतकातल्या आफ्रिकेतील सगळ्यात मोठ्या राज्यांपैकी हे एक राज्य. आजचा उत्तर नायजेरिया आणि शेजारच्या नायजर, कॅमेरून या देशांचा काही भाग त्यात येत होता.

राज्य जिंकलं, माणसं कशी जोडायची?

खरा प्रश्न इथून सुरू झाला. लढाईत हजारो बायका विधवा झाल्या होत्या, हजारो उखडल्या गेल्या होत्या. पराभूत बाजूच्या कितीतरी स्त्रिया कैद होऊन सोकोटोच्या घरांमध्ये आल्या होत्या. त्यांची भाषा हौसा, राज्यकर्त्यांची फुलफुल्दे, आणि किताबं सगळी अरबीत. या बायकांना नमाज, रोजा, जकात, हलाल-हराम कोण समजावणार? त्यांच्या हाती कागद नव्हता, अक्षरओळख नव्हती आणि वेळ तर अजिबात नव्हता. ज्वारी-बाजरी कांडणं, पाणी भरणं, सूत कातणं, पोरं सांभाळणं, यातच दिवस संपायचा.

अस्माऊंनी यावर उपाय काढला तो काव्याचा. नियम, इतिहास, अखलाक, सगळं त्यांनी सोप्या, यमक असलेल्या ओळींत बांधलं. पाठ झालं की काम करता करता म्हणता येतं. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या किंवा दख्खनच्या सूफींची चक्कीनामे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही युक्ती लगेच कळेल. कुरआनच्या 114 सूरहंची नावं लक्षात राहावीत म्हणून त्यांनी ती एका काव्यात गुंफली आणि हे काव्य तिन्ही भाषांत केलं. हौसा आणि फुलफुल्दे त्या अरबी लिपीत लिहीत. या लिखाणाला तिकडे अजमी म्हणतात. उर्दू वाचणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही, आपणही आपली जुबान त्याच अक्षरांच्या वळणाने लिहितो. दुसऱ्यांच्या शेरांना आपल्या तीन ओळी जोडून पाच ओळींचा बंद करायचा, ही उर्दू शायरीत परिचित असलेली तख्मीसची रीतही त्यांनी वापरली.

अशा 60 हून अधिक रचना त्यांच्या नावावर आहेत. काही मर्सिये आहेत, काही लढायांचा इतिहास सांगतात, काही निव्वळ शिकवण्यासाठी आहेत. 1837 मधल्या एका काव्यात त्यांनी नेक स्त्रियांची यादी दिली. त्यात राबिया बसरींसारख्या जुन्या वलीया आहेत आणि त्यांच्याच बरोबरीने सोकोटोच्या स्त्रियाही आहेत. कुणी खूप इबादत करणारी, कुणी शिकवणारी. ऐकणाऱ्या साध्या बाईला यातून कळत होतं की बुजुर्गी फक्त दूरच्या काळातली आणि दूरच्या देशातली गोष्ट नाही.

यान तारू: चालता-फिरता मदरसा

पण नुसत्या कविता लिहून तालीम होत नाही, त्या पोहोचवणारी माणसं लागतात. 1830 च्या आसपास अस्माऊंनी यान तारू नावाचं जाळं संघटित केलं. या शब्दाचा अर्थ साधारण एकत्र जमणाऱ्या भगिनी असा आहे. गावोगावच्या हुशार, विश्वासू स्त्रियांना त्यांनी निवडलं. अशा स्त्रीला जाजी म्हणत. जाजी हा मुळात काफिल्याच्या म्होरक्यासाठीचा शब्द. जाजी आपल्या गावातल्या बायकांचा गट घेऊन पायी सोकोटोला यायची. वाटेत काव्यं म्हणत यायचं, अस्माऊंच्या घरी राहून शिकायचं, शंका विचारायच्या आणि नवा धडा घेऊन परत जायचं.

प्रवासाला कोण यायचं, हेही ठरलेलं होतं. एक तर लहान वयाच्या मुली, नाहीतर मुलंबाळं मोठी झालेल्या वयस्क स्त्रिया. मग लेकुरवाळ्या बायकांचं काय? त्यांच्यापर्यंत जाजी स्वतः जायची, त्यांच्या अंगणात बसून शिकवायची. म्हणजे जिला घर सोडता येत नाही, तिच्या दारात शाळा. पडदा आणि संसार यांची सबब पुढे करून कुणाला वगळायचं नाही. आज शिक्षकांचं प्रशिक्षण आणि दूरशिक्षण म्हणून जे आपण शिकतो, त्यातलं बरंच काही या रचनेत दिसतं.

प्रत्येक जाजीला अस्माऊ आपल्या हाताने एक मोठी विणलेली टोपी देत आणि तिच्यावर लाल कापडाची पट्टी बांधत. अशी टोपी गोबीरमध्ये पूर्वी भुताखेतांच्या पंथातली प्रमुख स्त्री घालायची. अस्माऊंनी ती खूण मोडून टाकली नाही. तिचा अर्थ बदलला आणि ती शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवली. गावकऱ्यांना न सांगताच समजलं की हिचा मान मोठा आहे. येताना बायका धान्य, कापड अशा भेटी आणत आणि त्यातून गरीब-गरजूंना मदत व्हायची.

आलिमा, सल्लागार आणि माणूस

अस्माऊ फक्त बायकांच्या शिक्षिका नव्हत्या. शेहूंच्या इंतकालनंतर त्यांचं विखुरलेलं लेखन जमवण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. बेल्लो त्यांच्याशी काव्यातून सवाल-जवाब करायचे. एका रचनेत त्यांनी ओळींची पहिली अक्षरं अशी साधली आहेत की ती जोडली की अडचणीनंतरच्या दिलाशाची कुरआनची आयत तयार होते. मॉरिटानियाच्या एका आलिमाशीही त्यांचा काव्यातून संवाद होता. 1837 मध्ये बेल्लो गेले, पुढे गिदादोही गेले. दोघांवरचे त्यांचे मर्सिये आजही उपलब्ध आहेत.

अस्माऊंचं कौतुक करताना एक बाजू झाकून ठेवणं बरं नाही. सोकोटोच्या राज्यात गुलामी मोठ्या प्रमाणावर होती, शेती आणि घरकाम बऱ्याच अंशी त्या कष्टांवर चालत होतं. अस्माऊंच्या काव्यात आपल्या बाजूच्या विजयांचा अभिमान आहे, आणि त्या विजयांची किंमत मोजणाऱ्या बायकांचाच त्यांच्या अंगणात वर्ग भरायचा. त्या आपल्या काळाच्या होत्या, राज्यकर्त्या घराण्याच्या होत्या. पण जिंकलेल्या बाजूच्या किती घराण्यांनी हरलेल्यांच्या बायकांसाठी, त्यांच्याच भाषेत धडे लिहिले, हा प्रश्नही विचारायला हवा.

1864 मध्ये सोकोटोतच त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्या मागे बहीण मरियम यांनी हे काम सांभाळलं. 1903 मध्ये इंग्रजांनी सोकोटोचं राज्य संपवलं, पण यान तारूच्या बायका काव्यं म्हणत राहिल्या. हस्तलिखितं त्यांच्याच वंशातले वजीर जुनैदू यांनी जपली. जीन बॉइड आणि बेव्हर्ली मॅक या दोन अभ्यासक महिलांनी ती संपादित केली आणि 1997 मध्ये हा संग्रह इंग्रजीत आला. यान तारूची परंपरा आजही जिवंत आहे. अमेरिकेतल्या काही मुस्लिम महिलांनीही ती स्वीकारली आहे.

याच नायजेरियाच्या उत्तरेत, चिबोक गावात एप्रिल 2014 मध्ये बोको हरामने शाळेतून 276 मुली पळवल्या आणि त्यासाठी दीनचं नाव घेतलं. जगाला ती बातमी पाठ आहे. त्याच देशात दीनच्याच नावाने मुलींना शिकवायला गावोगाव पायी फिरणाऱ्या जाजींची गोष्ट मात्र आपल्यालाही माहीत नसते.

1848 मध्ये पुण्यात सावित्रीबाईंनी मुलींना शिकवायला सुरुवात केली आणि फातिमा शेख त्यांच्या सोबतीला उभ्या राहिल्या, तेव्हा तिकडे सोकोटोत पंचावन्न वर्षांच्या अस्माऊ शिकवतच होत्या. एकमेकींना त्यांनी पाहिलं नाही, ऐकलं नाही. काम मात्र एकच होतं.

आमच्या वर्गातली एखादी मुलगी दहावीनंतर दिसेनाशी होते, एखादी निकाहनंतर. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: घरचं काम, लांबचं कॉलेज, जमाना खराब. ही कारणं खोटी नसतात. सोकोटोतल्या बायकांची कारणं यापेक्षा मोठी होती. अस्माऊंनी त्या कारणांशी वाद घातला नाही, शाळाच उचलून घरापर्यंत नेली. प्रत्येक मोहल्ल्यात एखादी शिकलेली सून, एखादी निवृत्त शिक्षिका, एखादी आलिमा आहेच. आठवड्यातून दोन दुपारी तिच्या अंगणात चार बायका आणि त्यांच्या मुली बसल्या, तर आपल्याकडेही एक जाजी तयार झाली असं समजायला हरकत नाही.